गॉथिक कादंबरी कुणाला कोणती द्यावी, आणि कोणत्या क्रमाने

"काहीतरी अंगावर काटा येईल असं दे गं वाचायला." पावसाळा लागला की आमच्या वाचनकट्ट्यावर ही मागणी हमखास येते. काही वर्षांपूर्वी शेजारच्या काकूंनी ती केली, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने होरेस वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' त्यांच्या हातात ठेवली. इंग्रजीतली गॉथिक कादंबरी १७६४ साली तिच्यापासून सुरू झाली, म्हणून वाचकानेही तिथूनच सुरुवात करावी, असा माझा सरळ हिशेब होता. त्या कादंबरीत पहिल्या काही पानांतच, ऐन लग्नाच्या दिवशी, एक अवाढव्य शिरस्त्राण अंगणात येऊन पडतं आणि नवरामुलगा त्याखाली चिरडून मरतो. काकूंनी पुस्तक तिसऱ्या दिवशी परत आणलं. "माणसांशी ओळख व्हायच्या आधीच माणसं मरायला लागली," म्हणाल्या.

त्या एका वाक्याने मला गॉथिक कादंबरी सुचवायची कशी ते शिकवलं. त्या घरात राहणाऱ्या माणसात वाचकाचा जीव गुंतला, तरच घराची भीती वाटते. तेव्हापासून मी क्रम लावताना साल बघत नाही. कुठलं पुस्तक किती लवकर जीव गुंतवतं, ते बघते.

आधी आपण काय देतोय ते ओळखा

मराठी वाचकाला भय म्हटलं की नारायण धारप आठवतात, रत्नाकर मतकरी आठवतात. धारपांच्या समर्थकथांत अघोरी शक्ती समोर येते आणि तिच्याशी दोन हात करणारा माणूसही असतो. त्या सवयीचा वाचक गॉथिक कादंबरी उघडतो आणि पन्नास पानं झाली तरी पाऊस, जिने आणि बंद दारंच चाललेली बघून कंटाळतो. म्हणून देतानाच सांगावं की इथे संकट हळूहळू, घराच्या भिंतींतून झिरपत येतं.

गॉथिक कादंबरी ओळखायला मी तीन खुणा बघते. एक जुनी वास्तू: किल्ला, मठ, हवेली, नाहीतर गावाबाहेरचं मोठं घर. त्या वास्तूत दडवलेली एखादी जुनी गोष्ट, बहुतेकदा पाप. आणि तिथे नव्याने आलेलं, सहज बाहेर पडू न शकणारं माणूस. भूत असलं तर असलं, नसलं तरी चालतं. वॉलपोलने पहिली आवृत्ती जुन्या इटालियन ग्रंथाचं भाषांतर म्हणून छापली होती. १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती आपलीच असल्याचं मान्य केलं आणि उपशीर्षकात 'गॉथिक' हा शब्द घातला. त्या काळी त्याचा अर्थ मध्ययुगीन, जुन्या जमान्यातला, एवढाच होता. भीतीचा वास त्याला नंतर चिकटला.

मग तीन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: शेवटी उत्तर मिळायलाच हवं, की शंका उरली तरी चालेल? हा भेद या प्रकारात सुरुवातीपासून आहे. ॲन रॅडक्लिफ 'द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो'मध्ये (१७९४) प्रत्येक भुताटकीचा शेवटी उलगडा करते. त्यानंतर दोनच वर्षांनी आलेल्या मॅथ्यू लुईसच्या 'द मंक'मध्ये मात्र सैतान खरोखरच येतो. आणि हेन्री जेम्ससारखा लेखक काहीच ठरवू देत नाही. "मग ते भूत खरं होतं की नाही?" हे कळल्याशिवाय झोप न लागणाऱ्या माणसाला जेम्स दिला, तर तो चिडणार.

दुसरा प्रश्न वेळेचा आणि इंग्रजीचा. रोज लोकलमध्ये वीस मिनिटं वाचणाऱ्याला लहान प्रकरणांचं पुस्तक लागतं. एकोणिसाव्या शतकातली लांब वाक्यं ज्याने कधी वाचलेली नाहीत, त्याला आधी विसाव्या शतकातलं द्यावं. यात कमीपणा काही नाही.

तिसरा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, पण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे: काय वाचवत नाही? 'द मंक'मध्ये बलात्कार आणि खून आहेत. 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये लहान मुलाचा खून होतो. 'वदरिंग हाइट्स'मध्ये एका पाळीव कुत्र्याला फासावर टांगलेलं दाखवलं आहे. टोनी मॉरिसनच्या 'बिलव्हेड'मध्ये गुलामगिरीतली क्रूरता आणि तान्ह्या मुलाचा मृत्यू आहे. घरात नुकतंच दुःख झालेल्या माणसाच्या हाती यातलं काही न सांगता देऊ नये. कथानक न फोडता एवढी कल्पना देता येते.

पहिलं पुस्तक: 'रेबेका'

काही खास कारण नसेल तर मी डॅफ्नी ड्यू मॉरिएची 'रेबेका' (१९३८) देते. भाषा आजची वाटावी इतकी सरळ आहे आणि त्यात एकही भूत नाही. मॅक्सिम डी विंटर या श्रीमंत विधुराशी लग्न करून एक साधी, बुजरी मुलगी कॉर्नवॉलमधल्या मँडर्ली या घरात येते. घरातल्या प्रत्येक वस्तूवर पहिल्या बायकोचा, म्हणजे रेबेकाचा, हात फिरलेला आहे. मिसेस डॅन्व्हर्स ही घर सांभाळणारी बाई त्या वस्तू जागच्या हलू देत नाही.

कुणाला पटवायचं असेल तर मी एकच प्रसंग सांगते. नवी सून सकाळी त्या घरातल्या लिहिण्याच्या टेबलाशी बसली आहे. टेबलाच्या कप्प्यांवर रेबेकाच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत. फोन वाजतो. पलीकडून विचारतात, मिसेस डी विंटर का? आणि ही घाबरून सांगते की तुमची काहीतरी चूक होतेय, मिसेस डी विंटरना जाऊन वर्ष उलटलं. मग तिच्या लक्षात येतं की मिसेस डी विंटर आता आपणच आहोत, आणि फोन बाहेरचा नाही, घरातलाच आहे. डॅन्व्हर्सबाई जेवणात काय करायचं ते विचारत होत्या. एवढंच घडतं, पण ज्या बाईने सासरच्या स्वयंपाकघरात पहिले सहा महिने "इथे मीठ कुठे ठेवतात?" असं चोरून विचारलं आहे, तिला हे पान वाचताना घाम फुटतो.

एक काळजी घ्या. याच कादंबरीवरून १९६४ साली 'कोहरा' हा हिंदी चित्रपट निघाला आणि त्यातली दाई ललिता पवारांनी केली. चित्रपट चांगला आहे, पण आधी पुस्तक वाचू द्या. चित्रपटाने रहस्य फुटतं.

एकच रविवार हाताशी असलेल्याला मी 'रेबेका' देत नाही, रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड' (१८८६) देते. ती दहा प्रकरणांची आहे, एका बैठकीत होते. शेवट सगळ्यांना ऐकून माहीत असतो, तरी लंडनच्या धुक्यातलं ते दार, त्याच्यावर ना घंटा ना ठोकायची कडी, ते पुस्तकातच बघायला हवं. आणि कॉलेजातल्या मुलींना मी शर्ली जॅक्सनची 'वुई हॅव ऑल्वेज लिव्ह्ड इन द कॅसल' (१९६२) देते. मेरिकॅट नावाची अठरा वर्षांची मुलगी आपल्या घराची गोष्ट सांगते. घरातली बहुतेक माणसं साखरेतल्या विषाने मेलेली आहेत. माझ्या भाचीने ती एका रात्रीत संपवली आणि सकाळी चहात साखर घालायला तयार होईना.

दुसरी पायरी: 'ड्रॅक्युला', पण वाचायची रीत सांगून

ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' (१८९७) सगळ्यांना माहीत असते, पण पूर्ण वाचलेले थोडे भेटतात. याचं कारण कादंबरीच्या बांधणीत आहे. पहिली चार प्रकरणं म्हणजे जोनाथन हार्कर या तरुण वकिलाची ट्रान्सिल्व्हेनियातली डायरी. या प्रकारातली इतकी घट्ट पानं मी फार कमी वाचली आहेत. मग कथा इंग्लंडात येते, डायऱ्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांतली कात्रणं सुरू होतात, पाच-सहा माणसं आळीपाळीने बोलतात आणि नवा वाचक हरवतो.

म्हणून माझा सल्ला असा: पहिली चार प्रकरणं एका रात्रीत वाचा. मग पुस्तकात एक कागद ठेवा आणि त्यावर कोण कुठे, कोणत्या तारखेला, हे टिपत जा. मीना, ल्यूसी, डॉ. सीवर्ड, व्हॅन हेल्सिंग ही नावं पक्की झाली की गाडी रुळावर येते. व्हॅन हेल्सिंगची भाषणं लांबतात. तिथे थोडी घाई केली तरी चालेल. सातव्या प्रकरणातली डिमीटर जहाजाची नोंदवही मात्र ओळ न ओळ वाचा. खलाशी एकेक करून नाहीसे होत जातात, आणि कप्तान रोजच्या कोरड्या नोंदी लिहीत राहतो. स्टोकर १८९० साली व्हिटबी या बंदरगावी राहिला होता. त्याआधी पाचच वर्षं 'दिमित्री' नावाचं रशियन जहाज तिथल्या किनाऱ्याला लागून फुटलं होतं, ते त्याने उचललं. ट्रान्सिल्व्हेनियात तो स्वतः कधी गेला नाही.

लोक नेहमी आरशाचा प्रसंग सांगतात, दाढी करताना काउंटचं प्रतिबिंब न दिसण्याचा. मला त्याहून भयंकर वाटतं ते दुसरंच. हार्कर दाराच्या बिजागरीजवळच्या फटीतून बघतो, तर काउंट स्वतः जेवणाचं टेबल मांडतोय. तेवढ्यावरून त्याला उमगतं की या प्रचंड वाड्यात एकही नोकर नाही. म्हणजे रात्री घोडागाडी हाकून आपल्याला इथे आणणाराही तोच होता. या प्रसंगात दात नाहीत, रक्त नाही, तरी पायाखालची जमीन सरकते.

एवढं मोठं पुस्तक नको असेल तर शेरिडन ले फान्यूची 'कार्मिला' द्या. 'ड्रॅक्युला'च्या पंचवीस वर्षं आधीची, शंभरेक पानांची, आणि तीही रक्तपिपासू पाहुणीचीच. माझ्या मते मैत्रीतली ओढ आणि भीती तिच्यात जास्त नाजूकपणे विणली आहे.

'फ्रँकेन्स्टाइन' देताना डोक्यातला चित्रपट काढून टाका

मेरी शेलीची ही कादंबरी १ जानेवारी १८१८ ला लेखिकेच्या नावाशिवाय छापली गेली. १८१५ साली इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, त्याच्या राखेने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. जिनिव्हा सरोवराकाठी पावसाने घरात अडकलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायचं ठरवलं. तेव्हा मेरी अठरा वर्षांची होती.

देताना वाचकाला सांगायचं ते एवढंच: फ्रँकेन्स्टाइन हे निर्माण करणाऱ्याचं नाव आहे, राक्षसाचं नाही. राक्षसाला नावच नाही, आणि तो बोलतो, फार सुंदर बोलतो. एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपून, भिंतीच्या फटीतून एका गरीब कुटुंबाकडे बघत तो भाषा शिकतो, रात्री त्यांच्यासाठी गुपचूप लाकडं आणून ठेवतो. ही प्रकरणं वाचून आमच्या कट्ट्यावरचे एक निवृत्त मास्तर गप्प बसून राहिले होते. पुस्तक घेताना १८१८ ची संहिता आहे की १८३१ ची, ते बघा. १८३१ च्या आवृत्तीत लेखिकेने बरेच बदल केले, नियतीचा भार वाढवला. मी पहिली संहिता सुचवते. तिच्यात व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनचे निर्णय जास्त त्याचे स्वतःचे वाटतात.

ब्राँटे बहिणी

शार्लटची 'जेन एअर' आणि एमिलीची 'वदरिंग हाइट्स' दोन्ही १८४७ सालच्या. 'जेन एअर' कुणालाही द्यावी. अनाथ मुलगी, मोठं घर, वरच्या मजल्यावरून येणारं हसू: पहिल्या प्रकरणापासून जेन आपली होते. त्यानंतर जीन ऱ्हिसची 'वाइड सार्गासो सी' (१९६६) द्या, त्याआधी अजिबात नको. 'जेन एअर'मधल्याच एका व्यक्तीची आधीची, कॅरिबियन बेटांवरची कहाणी तिच्यात आहे. ते कोण, हे मागच्या मुखपृष्ठावर सहसा छापलेलंच असतं, म्हणून पुस्तक देताना मी त्यावर कागदी कव्हर घालते.

'वदरिंग हाइट्स'ला तयारी लागते. दोन पिढ्या, दोन कॅथरीन, लिंटन हे एकाचं आडनाव आणि दुसऱ्याचं नाव. वंशावळीचा कागद सोबत द्याच, पण फक्त नावांचा. जन्म-मृत्यूची सालं लिहिली की कथा फुटते. याच कादंबरीवर बेतलेला दिलीपकुमारचा 'दिल दिया दर्द लिया' पाहिलेल्यांना तिचा नायक हीथक्लिफ प्रेमवीर वाटतो. पुस्तकातला हीथक्लिफ क्रूर आहे, हे आधीच सांगावं. तिसऱ्या प्रकरणापर्यंत तरी वाचा, अशी गळ मी घालते. बर्फाच्या वादळात अडकलेला लॉकवुड हा परका पाहुणा त्या घरातल्या जुन्या पलंगावर झोपतो. झाडाची फांदी खिडकीवर आपटते म्हणून काच फोडून हात बाहेर घालतो, आणि फांदीऐवजी त्याच्या हाताला लागतो एका लहान मुलीचा बर्फासारखा गार हात. तो हात सोडत नाही, आत घ्या म्हणून विनवतो. लॉकवुड घाबरून जे करतो, ते मी इथे लिहीत नाही. त्या कृत्यात सगळी कादंबरी आहे.

जुन्या कादंबऱ्यांची वेळ

चार-पाच पुस्तकं झाली आणि वाचकानेच "हे सगळं सुरू कुठे झालं?" असं विचारलं, की वॉलपोल आणि रॅडक्लिफ काढावेत. 'युडॉल्फो' सत्तावन्न प्रकरणांची आहे. डोंगर-दऱ्यांची वर्णनं आणि मधल्या कविता पहिल्या वाचनात सोडल्या तरी बिघडत नाही. तिच्यासाठी प्रकाशकाने रॅडक्लिफला ५०० पौंड मोजले होते, त्या काळी कादंबरीला ही रक्कम अफाट होती. तिच्या पाठोपाठ लगेच जेन ऑस्टेनची 'नॉर्थँगर ॲबी' द्या. तिची नायिका 'युडॉल्फो' वाचून भारावलेली असते आणि पाहुणी म्हणून गेलेल्या घरी रात्री कपाटात सापडलेली कागदांची गुंडाळी थरथरत्या हातांनी बाहेर काढते, तेवढ्यात मेणबत्ती विझते. सकाळी बघते तर धोब्याची बिलं. 'युडॉल्फो' ताजी असताना वाचलं तरच याची खरी गंमत कळते.

शंकेच्या कादंबऱ्या

हेन्री जेम्सची 'द टर्न ऑफ द स्क्रू' (१८९८) आणि शर्ली जॅक्सनची 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' (१९५९) एकट्याला देऊ नका, दोघांना एकाच वेळी द्या. संपल्यावर वाद घालायला कुणीतरी लागतंच. जेम्सची वाक्यं वळणावळणाची आहेत, मोठ्याने वाचली की सुटतात. ज्याला नुसती थंडगार भीती हवी आहे, शंका-कुशंका नकोत, त्याला सुझन हिलची 'द वुमन इन ब्लॅक' (१९८३) पुरते.

इंग्लंडच्या बाहेर जायचं असेल तर 'बिलव्हेड' (१९८७) आहे. ओहायोतल्या एका घरात गुलामगिरीचा भूतकाळच वस्तीला येतो. माझ्या मते या प्रकारातली ती सर्वांत थोर कादंबरी आहे, पण ती पहिली देऊ नये. सिल्विया मोरेनो-गार्सियाची 'मेक्सिकन गॉथिक' (२०२०) त्यामानाने सोपी आहे. खाणीच्या पैशावर उभी राहिलेली हवेली आणि भिंतींवरची बुरशी, वेगाने वाचून होते.

पुस्तक हातात देण्याआधी

संक्षिप्त आवृत्ती टाळायची असेल तर प्रकरणं मोजा. 'ड्रॅक्युला' २७, 'रेबेका' २७, 'वदरिंग हाइट्स' ३४, 'जेन एअर' ३८. कमी भरली तर ठेवून द्या. मराठी अनुवाद घेत असाल तर आतल्या पानावर 'रूपांतर' किंवा 'संक्षिप्त' लिहिलंय का तेही बघा. 'ड्रॅक्युला', 'फ्रँकेन्स्टाइन', 'कार्मिला', ब्राँटे बहिणी हे सगळं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट वाचता येतं आणि लिब्रिव्हॉक्सवर ऐकताही येतं. ड्यू मॉरिए आणि मॉरिसन विकत घ्याव्या किंवा ग्रंथालयातून आणाव्या लागतील.

प्रस्तावना शेवटी वाचायला सांगा. अभ्यासकांनी लिहिलेल्या प्रस्तावनांत कथानक उघड असतं, आणि 'रेबेका'सारख्या पुस्तकाचं त्यात फार नुकसान होतं.

पुस्तक दिल्यावर पंधरा दिवसांनी विचारा, पण "आवडलं का?" असं विचारू नका, "कुठे थांबलीस?" असं विचारा. उत्तरावरून पुढचं ठरतं. भाषेपाशी अडकली असेल तर जॅक्सनकडे न्या. संथ वाटलं असेल तर स्टीव्हन्सन द्या. फार उदास वाटलं असेल तर ऑस्टेन.

काकूंना मी दोन वर्षांनी धीर करून 'रेबेका' दिली. आठ दिवसांनी त्या दारात उभ्या, पुस्तक छातीशी धरलेलं. आत येऊन बसायच्या आधीच विचारलं, "मी दोनदा मागे जाऊन शोधलं, सापडलं नाही. अगं, त्या पोरीचं नाव काय?"

लेखिकेने ते पुस्तकभर कुठेच सांगितलेलं नाही, असं मी म्हटलं. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दुसरं काय आहे?" मी 'जेन एअर' काढून दिली.